सहावीत लॅटिन की फ्रेंच? आउग्सबुर्गच्या एका आईच्या पत्राला उत्तर

पत्र : आम्ही सहा वर्षांपासून जर्मनीत, आउग्सबुर्ग येथे राहतो. मुलगा गिम्नाझियुममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, पाचवीत आहे. सहावीपासून इंग्रजीच्या जोडीला दुसरी परकीय भाषा घ्यावी लागते. शाळेने लॅटिन किंवा फ्रेंच असा पर्याय देऊन फॉर्म पाठवला आहे आणि तो दोन आठवड्यांत भरून द्यायचा आहे. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की, जी भाषा जगात कोणीच बोलत नाही तिच्यात मुलाची वर्षे कशाला घालवायची? शेजारच्या जर्मन बाई सांगतात की लॅटिनने बुद्धी तल्लख होते आणि पुढे डॉक्टर व्हायचे असेल तर ती लागतेच. मुलगा मात्र लॅटिनच हवी म्हणून हटून बसला आहे, कारण शाळेच्या सहलीत त्याने रोमन सैनिकांचे चिलखत पाहिले. तो घरी मराठी बोलतो, जर्मन तर अस्खलित बोलतो. पण त्याच्या जर्मन निबंधांवर विभक्तीच्या चुकांचा शेरा दर वेळी येतो. माझे सासरे साताऱ्याला संस्कृतचे शिक्षक होते, ते म्हणतात लॅटिन घ्या. आम्हा दोघांना लॅटिनचे एक अक्षर येत नाही. आजच्या काळात ही भाषा शिकण्यात खरोखर काही अर्थ आहे का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार. आपल्याकडे दोनच आठवडे आहेत, म्हणून माझे मत आधीच सांगते. आपण जी परिस्थिती लिहिली आहे तीत मी लॅटिनच्या चौकटीत खूण केली असती. मात्र ज्या कारणांसाठी शेजारच्या बाई लॅटिन घ्या म्हणतात, त्या कारणांसाठी नव्हे. चुकीच्या कारणाने घेतलेली भाषा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मुलाला नकोशी होते, आणि तोवर घरातल्या सर्वांचाच धीर सुटलेला असतो. म्हणून आधी ती कारणे बाजूला करू.

डॉक्टर होण्यासाठी जर्मनीत लॅटिनची अट नाही. वैद्यकीच्या पहिल्या सत्रात सर्वच विद्यार्थ्यांना वैद्यकीय परिभाषेचा एक छोटा अभ्यासक्रम करावा लागतो आणि शाळेत लॅटिन न शिकलेली मुलेही तो सहज पार पाडतात. ‘लॅटिनुम’ या नावाने ओळखला जाणारा शालेय लॅटिनचा दाखला आज प्रामुख्याने इतिहास, पुरातत्त्व, कॅथलिक धर्मशास्त्र अशा काही विषयांसाठी मागितला जातो, तोही सर्व विद्यापीठांत सारख्या काटेकोरपणे नाही. दहा वर्षांच्या मुलाची भाषा या हिशेबावर ठरवू नये.

लॅटिनने बुद्धी तल्लख होते हा समज फार जुना आहे आणि तो तपासूनही झाला आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० च्या दशकात हजारो शालेय विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेऊन पाहिले, तेव्हा लॅटिन शिकणाऱ्या मुलांची विचारशक्ती इतर विषय शिकणाऱ्यांपेक्षा वेगाने वाढते असे काही दिसले नाही. जर्मनीत लुडविग हाग आणि एल्सबेट श्टेर्न यांनी हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लॅटिनच्या विद्यार्थ्यांना तर्काच्या आणि बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत आघाडी मिळाली नाही. २००३ च्या अभ्यासाचा निष्कर्ष तर लॅटिनच्या बाजूने बोलणाऱ्यांना अधिकच अडचणीचा आहे. आधी लॅटिन शिकलेले आणि आधी फ्रेंच शिकलेले विद्यार्थी स्पॅनिश शिकले, तेव्हा फ्रेंचवाल्यांच्या व्याकरणाच्या चुका कमी झाल्या. ‘लॅटिन ही सर्व रोमान्स भाषांची, म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन वगैरेंची जननी, म्हणून आधी तीच शिकावी’ हे वाक्य कानाला पटते. परंतु ज्याला स्पॅनिश बोलायची आहे त्याने स्पॅनिश शिकावी, आणि ज्याला आधी एखादी पायरी हवी आहे त्याच्यासाठी फ्रेंच ही जवळची पायरी आहे, असेच हा अभ्यास सांगतो.

हे सगळे मान्य करूनही मी लॅटिन सुचवते याचे पहिले कारण आपल्या पत्रातल्या एका वाक्यात आहे. मुलगा जर्मन अस्खलित बोलतो आणि लिहिताना विभक्तीत चुकतो. हाग आणि श्टेर्न यांच्या २००० च्या अभ्यासात लॅटिनचा जो थोडा फायदा दिसला तो नेमका इथे, म्हणजे जर्मन व्याकरणाशी निगडित अशा काही कामांत दिसला. आणि तो का दिसावा, हे लॅटिनचा तास कसा चालतो ते पाहिले की लक्षात येते.

फ्रेंचच्या तासाला मुले फ्रेंच बोलतात, किमान बोलण्याचा प्रयत्न करतात. लॅटिनच्या तासाला सर्व बोलणे जर्मनमध्ये चालते. फळ्यावर एक लॅटिन वाक्य असते आणि वर्गाने त्याचे जर्मन करायचे असते. क्रियापद कोठे आहे, त्याचा कर्ता कोण, हे नाम द्वितीयेत आहे की चतुर्थीत, ते विशेषण कोणाचे, असे एकेक धागा सोडवीत जावे लागते. आणि अर्थ लागल्यावर खरा वाद सुरू होतो, तो म्हणजे हे नेटक्या जर्मनमध्ये कसे म्हणायचे याचा. ‘विर्टुस’ या एका शब्दासाठी शौर्य, पौरुष, सद्गुण, योग्यता यांपैकी कोणत्या अर्थाचा जर्मन शब्द या ठिकाणी शोभेल यावर वर्गाची पाच-दहा मिनिटे जातात. घरी जर्मन न बोलणाऱ्या मुलाला असा तास इतर कोणत्याही विषयात मिळत नाही. जर्मनच्या तासाला शिक्षक गृहीत धरतात की ‘देर’, ‘देम’ आणि ‘देन’ या विभक्तीप्रमाणे बदलणाऱ्या उपपदांतला फरक मुलाच्या कानाला आपोआप कळतो. जर्मन घरातल्या मुलाला तो कळतोही, परंतु का ते त्याला सांगता येत नाही. आपल्या मुलाला तो कानाने अर्धाच कळतो, म्हणून त्याला तो नियमाने कळायला हवा, आणि विभक्तीचा नियम प्रत्यक्ष हाताळायला मिळतो तो लॅटिनमध्ये. शिवाय त्या वर्गात सर्वच मुले शून्यापासून सुरुवात करतात. कोणाच्याही आईला घरी लॅटिन येत नाही. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील श्टेफान किप्फ यांनी नॉयक्योल्न या स्थलांतरितांच्या मोठ्या वस्तीतील एका गिम्नाझियुमच्या साथीने ‘पोन्स लाटिनुस’, म्हणजे ‘लॅटिनचा पूल’, या नावाचा प्रकल्प हाती घेतला, तो याच विचाराने. घरची भाषा तुर्की किंवा अरबी असलेल्या मुलांसाठी लॅटिनचा वर्ग हा जर्मनकडे नेणारा पूल होऊ शकतो, ही त्यामागची कल्पना होती.

आता एक साधे वाक्य घ्या. ‘कुत्रा माणसाला चावतो’ आणि ‘माणसाला कुत्रा चावतो’, या दोन्हींचा अर्थ मराठीत एकच राहतो, कारण ‘ला’ प्रत्यय माणसाला चिकटलेला आहे आणि तो वाक्यात कोठेही गेला तरी चावा त्यालाच बसतो. इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की माणूस कुत्र्याला चावू लागतो. लॅटिनचे मात्र मराठीसारखेच आहे. ‘कानिस विरुम मॉर्डेट’ म्हणा किंवा ‘विरुम कानिस मॉर्डेट’ म्हणा, ‘विरुम’ मधला ‘म’ सांगतो की माणूस कर्म आहे. हा ‘म’ आपल्या सासऱ्यांना दाखवा. ‘विर’ म्हणजे पुरुष. संस्कृतातला ‘वीर’ त्याच कुळातला, आणि ‘विरुम’ म्हणजे रूपाने ‘वीरम्’. मराठी बोलणाऱ्या मुलाला ‘मुलगा, मुलाला, मुलाने, मुलाचा’ हे सामान्यरूपासह तोंडपाठ असते, पण ते त्याला कोणी दाखवून दिलेले नसते. विभक्तीचे प्रत्यय, शेवटी येणारे क्रियापद, ‘अरे मुलांनो’ मधले संबोधन, या सगळ्या गोष्टी लॅटिन शिकणाऱ्या मुलांना सुरुवातीला परक्या वाटतात, आणि आपल्या मुलाच्या त्या घरच्या आहेत. मराठी ही त्याची अडचण नसून त्याची शिदोरी आहे, हे त्याला या निमित्ताने प्रथमच कळेल, आणि परदेशात वाढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही बाब मला फार मोलाची वाटते.

हे मी स्वतःच्या अनुभवावरूनही लिहीत आहे. दहावीपर्यंत संस्कृत शिकले होते. पुढे जर्मनीत शिकत असताना वयाच्या चोविसाव्या वर्षी लॅटिनुमच्या परीक्षेसाठी एका उन्हाळ्यात लॅटिन शिकावी लागली. वर्गातले जर्मन विद्यार्थी माझ्यापेक्षा सर्व बाबतींत पुढे होते. एके दिवशी ‘उर्बे काप्टा’ ही रचना आली, तिचा अर्थ ‘शहर जिंकले गेले असता’. नाम पंचमीत, त्याचे धातुसाधित विशेषणही पंचमीत, आणि दोन्ही मिळून उरलेल्या वाक्यापासून अलिप्त. वर्ग गोंधळून गेला होता. मला मात्र शाळेतल्या संस्कृतातली सति सप्तमी, म्हणजे ‘अमुक झाले असता’ हा अर्थ सप्तमीने सांगणारी रचना आठवली, फक्त सप्तमीच्या जागी पंचमी होती. त्या दिवसापासून ती भाषा मला परकी राहिली नाही.

या पंचमीबद्दल थोडे अधिक लिहिल्याशिवाय राहवत नाही. संस्कृतात संबोधन धरून आठ विभक्ती, लॅटिनमध्ये सहा, जर्मनमध्ये चार. लॅटिनच्या पंचमीने संस्कृतातल्या तृतीयेचे आणि बव्हंशी सप्तमीचेही काम आपल्याकडे घेतले आहे. ‘तलवारीने’ आणि ‘शहरातून’ यांसाठी तिथे एकच विभक्ती वापरतात. जुन्या सप्तमीचे अवशेष ‘रोमाय’, म्हणजे ‘रोममध्ये’, अशा मोजक्या शब्दांत उरले आहेत. विद्यार्थ्याला हा निव्वळ पाठांतराचा गोंधळ वाटतो. ज्याला संस्कृत ठाऊक आहे त्याला मात्र तिथे तीन खोल्यांमधल्या भिंती पाडून केलेला एक दिवाणखाना दिसतो आणि कोणते सामान मूळ कोणत्या खोलीतले हे त्याला सांगता येते. क्रियापदांचेही तसेच आहे. ‘भरामि, भरसि, भरति’ म्हणणाऱ्या आजोबांना नातवाने ‘फेरो, फेर्स, फेर्ट’ म्हणून दाखवले तर अर्थही तोच, वाहून नेणे, आणि कूळही तेच. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे म्हटले, ते प्रसिद्ध आहे. परंतु त्याच्या दोनशे वर्षे आधी, १५८३ मध्ये, गोव्यातून थॉमस स्टीफन्स या जेझुइट पंथाच्या इंग्रज धर्मगुरूने आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे असे नोंदवले होते. हेच पुढे १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स. ते पत्र लॅटिनमध्ये आहे. मराठीत ओव्या रचणाऱ्या त्या माणसाला आपल्या भाषांचा घाट ओळखीचा वाटला तो लॅटिनमुळे, आणि आपला मुलगा आता तोच रस्ता उलट दिशेने चालणार आहे.

यजमानांच्या आक्षेपाला मात्र सरळ उत्तर द्यायला हवे, कारण तो आक्षेप खोटा नाही. लॅटिन कोणाची मातृभाषा नाही, आणि मुलगा ती शिकून दुकानात पाव मागू शकणार नाही. फ्रेंचमध्ये तो मागू शकेल, मित्र जोडू शकेल, पुढे तिथे शिकू किंवा नोकरी करू शकेल. हा फायदा मोठा आहे आणि त्याला कमी लेखू नये. परंतु ‘मृत भाषा’ या शब्दाने जे चित्र उभे राहते ते इतिहासाला धरून नाही. बोलली जाणारी लॅटिन एका दिवशी संपली नाही. ती बदलत बदलत इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच आणि रुमानियन झाली, जशी प्राकृत बदलत बदलत मराठी झाली. लिहिली जाणारी लॅटिन तर त्यानंतरही हजार वर्षांहून अधिक काळ युरोपची विद्येची भाषा राहिली. कोपर्निकसने १५४३ मध्ये सूर्य मध्यभागी ठेवला तो लॅटिनमध्ये, हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरण सांगितले ते लॅटिनमध्ये, न्यूटन यांनी १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाचे गणित मांडले ते लॅटिनमध्ये, आणि जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८०१ मध्ये संख्यांच्या सिद्धांतावरचा आपला मोठा ग्रंथ छापला तोही लॅटिनमध्येच. आपण ज्या शहरात राहता तिथे २५ जून १५३० रोजी सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर प्रॉटेस्टंट पंथाचे जे निवेदन सादर झाले, आणि ज्याला आजही त्या शहराचेच नाव आहे, ते जर्मन आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत होते. वनस्पतिशास्त्रात नव्या वनस्पतीचे अधिकृत वर्णन लॅटिनमध्येच द्यायचे हा नियम २०११ च्या अखेरपर्यंत लागू होता. २०१२ पासून इंग्रजीही चालते. म्हणजे ज्या भाषेला आपण दोन हजार वर्षांपूर्वीची म्हणतो तिचा एक औपचारिक उपयोग आपला मुलगा जन्मला त्याच्या थोड्याच वर्षे आधी सैल झाला.

या भाषेत आपल्याकडचेही काही कुलूपबंद आहे. कोचीनचे डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हेडे यांनी मलबारच्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा ग्रंथ तयार करवून घेतला तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅममध्ये छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतले निवेदन आहे. त्यांच्या आणि इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांच्या ज्ञानावर तो ग्रंथ उभा आहे. परंतु ग्रंथाची भाषा लॅटिन असल्यामुळे त्या वैद्यांच्या वंशजांना, आणि एकूणच भारतीय वाचकाला, तो जवळजवळ सव्वातीनशे वर्षे बंद राहिला. के. एस. मणिलाल या केरळच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या आयुष्याची कितीतरी वर्षे खर्चून त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर केले आणि ते २००३ मध्ये केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले. पोर्तुगीज काळातील मिशनऱ्यांच्या लॅटिन पत्रव्यवहारातही गोवा, वसई आणि कोकण यांच्या इतिहासाची सामग्री आहे. मराठी आणि लॅटिन अशा दोन्ही भाषा जाणणारे वाचक आपल्याकडे फार थोडे आहेत. आपला मुलगा त्यांतला एक व्हावा असा आग्रह मी धरत नाही; परंतु असे वाचक कोठून तरी येतातच, आणि बहुधा अशाच घरांतून येतात.

फोन क्षणात भाषांतर करून देतो, मग शिकायचे कशाला, असेही कोणी आपल्याला विचारील. फोन वाक्याचा अर्थ देईल. पण विभक्ती ओळखण्याची सवय फोनला लागेल, मुलाला नाही. आणि जर्मन निबंध लिहिताना मुलाला ती सवयच हवी आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. येत्या दोन-तीन वर्षांत आपण भारतात परतण्याची किंवा दुसऱ्या देशात जाण्याची शक्यता असेल, तर मात्र माझे मत बदलेल आणि मी फ्रेंच घ्या म्हणेन. भारतातल्या शाळांत फ्रेंच पुढे चालू ठेवता येते, लॅटिन बहुतेक ठिकाणी अर्ध्यावर सोडावी लागेल, आणि अर्धी लॅटिन फारशी हाती लागत नाही. कारण तिचे फळ, म्हणजे मूळ लेखन वाचता येणे, तीन-चार वर्षांनंतरच मिळते. राहणार असाल तर फ्रेंच कायमची हातची जात नाही. बव्हेरियात भाषाशाखेच्या गिम्नाझियुममध्ये आठवीपासून तिसरी परकीय भाषा घेता येते. आपल्या शाळेत ती शाखा आहे का आणि तेव्हा फ्रेंच मिळते का, हे फॉर्म देण्यापूर्वी विचारून घ्या. लॅटिन आधी आणि फ्रेंच नंतर, हा क्रम यजमानांनाही पटण्यासारखा आहे.

चिलखत पाहून लॅटिन मागणाऱ्या मुलाच्या हट्टाकडे दुर्लक्ष करू नका. दहा वर्षांच्या मुलाला याहून चांगले कारण असण्याची गरज नाही. पहिली दोन वर्षे त्या उत्साहावर सहज निघतील. अवघड काळ येतो तो आठवी-नववीच्या सुमारास, जेव्हा रूपांची संख्या वाढते, पाठ्यपुस्तकातली सोपी वाक्ये संपतात आणि खऱ्या लेखकाची चार-चार ओळींची वाक्ये समोर येतात. तिथे पुष्कळ मुले खचतात, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच असते : शब्दपाठ मागे पडलेला असतो. शाळेतला बहुतेक मजकूर हजार-बाराशे शब्दांच्या बळावर वाचता येतो, पण ते शब्द पक्के असावे लागतात. रोज पंधरा मिनिटे, शनिवार-रविवार धरून, आणि एका बसणीत दहापेक्षा जास्त नवे शब्द नाहीत, एवढा नेम ठेवा. शब्द विचारायला आपल्याला लॅटिन यायला हवी असे नाही. पुस्तक हातात धरून लॅटिन बाजू वाचा, त्याने जर्मन अर्थ सांगावा, आणि जमेल तेव्हा मराठीही सांगावा. सुरुवातीला त्याला सोबतच्या जर्मन शब्दांची गंमत दाखवा. खिडकीचा ‘फेन्स्टर’ आला ‘फेनेस्ट्रा’ वरून, भिंतीचा ‘माउअर’ आला ‘मुरुस’ वरून, कौलाचा ‘त्सीगल’ ‘टेगुला’ वरून, ‘केझं’ म्हणजे चीज ‘कासेउस’ वरून. जर्मन लोक दगडी घरे बांधायला रोमनांकडून शिकले आणि त्या घराच्या भागांची नावेही त्यांच्याकडूनच घेऊन बसले.

घरी अभ्यास करताना त्याने वाक्याचे जर्मन भाषांतर पाठ करू नये. आधी प्रत्येक नामाच्या डोक्यावर पेन्सिलीने विभक्तीचा क्रमांक लिहावा आणि मगच अर्थाकडे जावे. हे सासऱ्यांना व्हिडिओ कॉलवरून आठवड्यातून एकदा तपासता येईल. लॅटिनची लिपी त्यांना अवघड नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाची जाण तर त्यांना आपल्या जर्मन शेजाऱ्यांपेक्षा चांगली असणार. पुढे मुलगा व्हर्जिल किंवा ओव्हिड या रोमन कवींच्या ओळींपर्यंत पोचेल तेव्हा त्या ओळी लघु-गुरूंवर चालतात हे शिक्षक सांगतील. एक गुरू आणि दोन लघु या त्यांच्या मुख्य गणाला आपल्या छंदशास्त्रात भगण म्हणतात, हे आजोबा सांगतील. उच्चारांविषयी गोंधळू नका : शाळा आज बहुधा ‘किकेरो’ म्हणतील, वयस्कर जर्मन माणूस ‘त्सित्सेरो’ म्हणेल आणि चर्चमध्ये ‘चिचेरो’ ऐकू येईल. शाळा म्हणेल तसे म्हणावे.

एक गोष्ट मात्र शाळेवर सोडू नका. मुलगा नववीच्या आसपास सीझरने स्वतःच लिहिलेला गॉलच्या, म्हणजे मुख्यतः आजच्या फ्रान्सच्या, मोहिमांचा वृत्तान्त वाचील. गद्य अतिशय स्वच्छ आहे, म्हणूनच ते शिकवतात. परंतु ते एका आक्रमकाचे लेखन आहे. त्यात जेत्याने स्वतःला ‘तो’ म्हणून संबोधले आहे आणि जिंकल्या गेलेल्यांची बाजू त्यानेच सांगितली आहे. वेर्सिंगेटोरिक्स हा गॉलचा नेता इ.स.पू. ५२ मध्ये अलेसिया येथे शरण आला, त्याला सहा वर्षे कैदेत ठेवून रोममध्ये मिरवले आणि मारले. ज्या घरात साताऱ्याचे आजोबा आहेत त्या घरातल्या मुलाला, परकी सत्ता जेव्हा आपल्या कारभाराचे वृत्तान्त लिहिते तेव्हा ते कसे वाचायचे, हे वेगळे शिकवावे लागू नये. तो प्रश्न त्याने वर्गात विचारावा. चांगले लॅटिन शिक्षक अशा प्रश्नाची वाट पाहत असतात.

आणि शेवटी, फॉर्म देण्याआधी एका रविवारी त्याला घेऊन बाहेर पडा. आउग्सबुर्ग हे नावच रोमन सम्राट ऑगस्टसचे आहे. रोमन काळी ते ‘आउगुस्टा विंडेलिकुम’ होते, राएटिया प्रांताची राजधानी. १९९२ मध्ये या शहरात एक शिलालेख सापडला. इसवी सन २६० च्या एप्रिलमधल्या दोन दिवसांच्या लढाईत शत्रूच्या तावडीतून हजारो इटालियन कैदी सोडवल्याचे त्यात कोरलेले आहे, आणि नंतर राजकारण पालटल्यावर काही नावे त्याच दगडावरून छिन्नीने खोडलेली आहेत. कॅथेड्रलच्या शेजारी रोमन शिळा मांडलेली एक भिंत आहे. रोमन थडग्यांच्या शिळांवर सर्वांत वरती बहुधा ‘डी’ आणि ‘एम’ अशी दोनच अक्षरे असतात. पूर्ण शब्द ‘दीस मानिबुस’ असे आहेत : दिवंगत पूर्वजांच्या आत्म्यांना, दोन्ही शब्द चतुर्थीच्या अनेकवचनात. त्यांतला ‘-बुस’ हा प्रत्यय आणि संस्कृतातला ‘-भ्यः’ हे एकाच कुळातले आहेत. अशी शिळा दिसली की तिच्यासमोर उभे राहून साताऱ्याला फोन लावा आणि मुलाला हे दोन शब्द आजोबांना वाचून दाखवू द्या. श्राद्धाच्या वेळी आपण ज्या विभक्तीत ‘पितृभ्यः’ म्हणतो तीच ही विभक्ती आहे, हे ते स्वतःच त्याला सांगतील.